हलकी सायकल मागणारी माणसं

रोड बाईक भाड्याने घ्यायला आलेला माणूस दुकानाची पायरी चढायच्या आधीच विचारतो, "वजन किती हो हिचं?" दुसरा प्रश्न, "कुठल्या कंपनीची?" मग एक हात सीटखाली, एक हात हँडलखाली घालून तो सायकल उचलतो, ‘हं’ म्हणतो आणि खाली ठेवतो. सायकल उचलून न्यायची नसते, तिच्यावर बसायचं असतं, हे त्या क्षणी सांगून उपयोग नसतो. आठ किलोची आणि साडेनऊ किलोची, यातला फरक म्हणजे पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. त्या तो स्वतःच लावून घेणार असतो. शिवाय सुट्टीवर आलाय, रोज कुणा ना कुणाकडे जेवण आहे. जागतिक सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीलासुद्धा ६.८ किलोच्या खाली जायला मनाई केली आहे, तरी ‘काट्यावर टाकून दाखवा’ म्हणणारे भेटतातच.

आमचं दुकान पुण्यात शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडून आत येणाऱ्या एका बोळात. नाव सांगत नाही, कारण पुढे दुकानाची गुपितं आहेत आणि गिऱ्हाइकांच्या फजित्या. वडिलांच्या वेळी इथे तासावर सायकली मिळायच्या. काळ्या, जड, आडव्या नळीच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या सगळ्या पेठांबरोबर दुकानही पाण्याखाली गेलं. पुढे कित्येक दिवस वडील बॉलबेअरिंगमधला गाळ काढत बसायचे, असं आई सांगायची. खरा धंदा मे महिन्याचा. परीक्षा संपल्या की रमणबाग शाळेतली मुलं आणि अहिल्यादेवी शाळेतल्या मुली, शिवाय मुंबईहून आजोळी आलेली भाचरं. वहीत नाव, वाडा, वेळ. दारावर पाटी होती, ‘ओळख असल्याशिवाय सायकल मिळणार नाही. ओळख सांगू नये, असावी.’ अनामत रकमेची भानगड नव्हती. "कुणाचा रे तू?" या प्रश्नाचं उत्तर हीच अनामत.

पण त्या प्रश्नानंतर वडील एक गोष्ट न चुकता करायचे. पोराला सायकलीशेजारी उभं करायचे, सीट त्याच्या बगलेत धरायचे आणि हात लांब करून मधली बोटं चेनव्हीलच्या मधोमध टेकतात का बघायचे. टेकली तर ती सायकल त्याची, नाही तर दुसरी. पोरगं लाल सायकलीसाठी कितीही रडलं तरी. पुढे मी सेंटिमीटरची पट्टी घेऊन बसायला लागलो, तेव्हा ग्रेग लेमाँड या अमेरिकन शर्यतपटूच्या नावाने ओळखलं जाणारं गणित शिकलो: पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३, एवढं अंतर चेनव्हीलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. आतली लांबी ८० सेंटिमीटर असेल तर सीट साधारण ७०.६ वर. बऱ्याच माणसांच्या बाबतीत वडिलांची बगल आणि लेमाँडचं गणित यात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचाच फरक निघतो.

आता मे महिना थंड असतो आणि डिसेंबर तापतो. गिऱ्हाईक मात्र पेठेतलंच. म्हणजे ज्यांची मुंज इथे झाली आणि नोकरी न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये लागली ते. तिकडे दर रविवारी सायकल चालवतात, तीन आठवडे पुण्यात यायचं, पाय मोकळे तर हवेत. विमानातून स्वतःची सायकल आणायची म्हणजे खोकं, जादा सामानाचे पैसे आणि उतरल्यावर वाकलेला गिअर हँगर. म्हणून भाड्याची. त्यात जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या रस्त्यांवर ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली, आणि ‘त्या पोरांकडे होती तसली’ ही आणखी एक मागणी सुरू झाली.

आता पहिलं गुपित. कुठल्याही भाड्याच्या दुकानात सगळ्यात चकचकीत दिसणारी सायकल ही बहुधा सगळ्यात झिजलेली असते. कारण सरळ आहे: सगळे तीच मागतात. रंग झळाळत राहतो, हँडलवरची टेप आम्ही दर हंगामात बदलतो, आणि टेप नवी झाली की सायकल नवी दिसते. झिजते ती चेन, कॅसेट, ब्रेकचे पॅड, टायरचा मधला पट्टा. मागच्या भिंतीला टेकलेली, राखाडी, कुणी ढुंकून न बघितलेली, तिचं यंत्र ठणठणीत असतं. ओळखायचं कसं? खिशात फूटपट्टी असली तर पुरे. चेनच्या पिना मोजायच्या. नव्या चेनचे बारा इंच बरोबर पिनेपासून पिनेपर्यंत भरतात. शेवटची पिन एक-सोळांश इंचाने पुढे सरकली असेल तर चेन अर्धा टक्का ताणली गेली आहे, बदलायला झाली. असं गिऱ्हाईक पट्टी काढून वाकलं की मी मुकाट्याने आतली सायकल बाहेर आणतो. असे फार थोडे.

बहुतेकांशी संवाद असा होतो.

"साइझ काय तुमची?"

"मीडियम."

"शर्टाची नाही, सायकलीची."

"अहो, मीडियमच असेल ना?"

फ्रेमच्या मीडियमला एका कंपनीत ५४ म्हणतात, दुसरीत ५२. आणि एकाच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. एक गृहस्थ असे ‘मीडियम’ घेऊन गेले. सीट मी मापून लावून दिली होती, कार्बनचा सीटपोस्ट, बोल्ट ५ न्यूटन-मीटरवर. हे माप म्हणजे चिमटीतल्या किल्लीने हलकेच आवळल्यासारखं. घरी गेल्यावर गृहस्थांच्या काकांनी बघितलं. पुतण्या सीटवर बसला की पाय जमिनीला टेकत नाहीत! काकांचं आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. पुतण्या आंघोळीला गेला तेवढ्यात त्यांनी सीट चार बोटं खाली घेतली आणि पुन्हा सरकू नये म्हणून किल्लीला पाइप लावून बोल्ट आवळला. काकांच्या हातात जोर होता हे सीटपोस्टने मान्य केलं. उभी चीर गेली. दुसऱ्या दिवशी काका स्वतः सायकल घेऊन आले आणि मलाच म्हणाले, "माल हलका देता तुम्ही." मी म्हटलं, "काका, हलकाच मागितला होता." पैसे त्यांनी दिले, पण पावतीवर ‘दुरुस्ती’ लिहू दिलं नाही, ‘देणगी’ लिहा म्हणाले. तेव्हापासून सायकल देताना मी घरात कोण कोण आहे ते विचारतो. हत्यारांची पेटी बाळगणारा काका असेल तर अल्युमिनियमचा सीटपोस्ट बसवून देतो.

घरातल्या माणसांचा आणखी एक किस्सा. दसऱ्याला आलेला एक तरुण खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सायकल घेऊन गेला. सकाळी आजींनी घरातल्या सगळ्या हत्यारांची, वाहनांची पूजा केली, त्यात ही. हळद-कुंकू, अक्षता, आणि झेंडूचा घसघशीत हार, हँडलपासून मागच्या चाकापर्यंत. नातवाने फोटो काढले, हार उतरवला आणि निघाला. हाराचा सुटलेला दोरा मागे राहिला होता. डेक्कनपर्यंत तो गिअरच्या छोट्या चाकांभोवती इतका गुंडाळला गेला की चेन हलेना. मी ब्लेडने दोरा कापत बसलो होतो, पाकळ्या पडत होत्या, आणि आजी फोनवर मला झापत होत्या, "पूजा न करता वाहन बाहेर दिलंत कसं तुम्ही?" मुद्दा बिनतोड होता. आता खंडेनवमीला दुकानातच पूजा उरकतो, कुंकवाचं बोट लावूनच सायकल पाठवतो आणि घरी सांगतो, हार घालायचा झाला तर पुढच्या हँडलला, मागे नको.

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट ब्रेकची. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, स्कूटर-मोटारसायकलीसारखा. इंग्लंडमध्येही तसंच. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात उलटं: डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. वर्षानुवर्षं एका पद्धतीने चालवलेला हात डोक्याला विचारत नाही, आपला आपण दाबतो. माहेरपणाला कॅलिफोर्नियाहून आलेल्या एक बाई, चालवण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज. सिंहगडावरून उतरताना वळणावर समोरून जीप आली, वेग थोडा कमी करावा म्हणून त्यांनी सवयीने उजवा ब्रेक दाबला, मागचा समजून. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. हेल्मेट होतं, कोपर आणि गुडघा सोलवटण्यावर निभावलं. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलंही होतं, पण ऐकणं कानाचं आणि दाबणं बोटांचं. आता परदेशातून कुणाचा निरोप आला की मी पहिल्यांदा विचारतो, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हवा. केबलचे ब्रेक असतील तर अदलाबदल थोड्या वेळात होते. तेलाचे डिस्क ब्रेक असतील तर नळ्या काढा, बदला, आतली हवा काढा, सगळं निगुतीने करायचं तर अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक पहाटे पाचला दारात उभं असताना ते होत नाही.

स्पेनच्या मायोर्का बेटावर वसंतात सायकलवाल्यांची जत्रा भरते, तिथे भाड्याने सायकली देणं हा मोठा धंदा आहे. तिथल्या दुकानांच्या अर्जात उंची, सीटचं माप, पायंडलचा प्रकार आणि ब्रेकची बाजू आधीच विचारतात. लंडनला राहणारे पेठेतले एक भाऊ तिथे जाऊन आले होते. सा कालोब्राचा घाट त्यांनी चढला होता, साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ. गंमत म्हणजे तो रस्ता आधी समुद्रापर्यंत उतरतो, मग त्याच वाटेने वर यावं लागतं. भाऊ म्हणाले, "सिंहगड म्हणजे कागदावर तेच की. आठ-नऊ किलोमीटर, सरासरी तेवढीच. मला रेसिंगचे गिअर द्या." मी म्हटलं, "सरासरीवर कुणी चढत नाही." आमच्याकडे एक जुनी, देखणी शर्यतीची सायकल होती, पुढे ५३-३९ दात्यांची चाकं, मागे ११ ते २५ दात्यांची. भाऊंचं तिच्यावर मन बसलं.

हिशोब करून बघा. पुढे ३९ दाते, मागे २५. पायंडलची एक फेरी म्हणजे सव्वातीन मीटर. मिनिटाला सत्तर फेऱ्या या धड चालीने जायचं तर ताशी पावणेचौदा किलोमीटरने घाट चढावा लागतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ असतील तर त्याच सत्तर फेऱ्यांत ताशी पावणेनऊ पुरे. पायातली ताकद तीच, गुडघ्यांवरचा भार वेगळा. सिंहगडाचा रस्ता एकसारखा चढत नाही. मध्ये थोडा सैल सोडतो आणि वळणावर असा उभा राहतो की सरासरी विसरायला होते. भाऊ अर्ध्याच्या थोडं पुढे गेले आणि उतरले. रोड बाईकच्या बुटांना खाली प्लास्टिकचे क्लीट, त्यावर डांबरी चढ चालणं म्हणजे शिक्षाच. मग बूट हातात, मोजे पायात. वाटेत दही घेतलं, भजी घेतली. तेवढ्यात पेठेतल्याच एका शाळेतल्या बाई माझ्याच दुकानातल्या ३४-३४ च्या राखाडी सायकलवर, हाशहुश न करता, शेजारून वर गेल्या. जाताना "पाणी हवंय का?" एवढंच विचारलं. भाऊंना भज्यांपेक्षा ते जास्त झोंबलं. ती देखणी सायकल आता भिंतीवर टांगली आहे. तिचे फोटो लोक काढतात. भाड्याने मी देत नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअरचाही मोह असाच. बोटाने टिचकी मारली की गिअर बदलतो, बॅटरी भरलेली असली तर शेकडो किलोमीटर चालते. म्हणूनच लोक ती भरायला विसरतात. बॅटरी संपत आली की आधी पुढचा गिअर बदलायचा थांबतो, मग मागचा. एक जण मुळशीच्या पुढे, पुढच्या मोठ्या चाकावर अडकून, तिथून घरापर्यंत दात-ओठ खात आला. चार्जर त्याने सासुरवाडीच्या दिवाणखान्यात लावला होता. सासऱ्यांनी तिथे मोबाईलचा लावला. सुट्टीवर आलेल्या माणसाला मी केबलचे गिअर देतो. केबल तुटली तर कोथरूडमध्येही मिळते आणि वेल्ह्यातही बांधून काम भागतं.

टायरच्या बाबतीत मी हट्टी आहे. पंचवीस मिलिमीटरचा बारीक टायर मागणाऱ्याला मी निदान अठ्ठावीसचा देतो, फ्रेममध्ये मावत असेल तर बत्तीसचा. तो म्हणतो, वेग कमी होईल. मी म्हणतो, आधी लक्ष्मी रोडवरून नदीपलीकडे जाऊन दाखवा, वेगाचं मग बघू. पुण्याचे गतिरोधक, खोदून बुजवलेले चर, पेव्हर ब्लॉकची कडा, यांना बारीक टायर फार आवडतो. त्यातून पंक्चर झालं की पुढची अडचण व्हॉल्व्हची. जुन्या काळ्या सायकलीचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह वेगळा, स्कूटरचा वेगळा आणि रोड बाईकचा बारीक, डोक्यावर छोटी चकती असलेला आणखी वेगळा. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे स्कूटरची नळी असते. ती बसत नाही, मग तो पक्कडीने चकती फिरवत फिरवत आतला अख्खा व्हॉल्व्हच काढून हातावर ठेवतो: "साहेब, यात हवा जात नाही, हे बघा खराबच आहे." त्याचा दोष नाही. पितळेचा इवलासा अडॅप्टर त्या व्हॉल्व्हवर फिरवला की स्कूटरची हवा भरता येते. माझ्या प्रत्येक सायकलीच्या पिशवीत तो असतो, तरी हंगामाच्या शेवटी अर्धे परत येत नाहीत. अमेरिकेत कुठे तरी ड्रॉवरमध्ये पडले असतील.

गणपतीत यायचं आणि सायकल हवी, असा बेत करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. एका वर्षी अनंत चतुर्दशीला दुपारी फोन, "सायकल घरी पोचवाल का? उद्या पहाटे निघायचंय." घर लक्ष्मी रोडच्या पलीकडे. रस्ते बंद, मिरवणूक सुरू. आमच्या पोऱ्याने सायकल खांद्यावर घेतली आणि ढोल-ताशाच्या पथकांमधून वाट काढत निघाला. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने त्याला पथकातलाच समजून गर्दी बाजूला केली. पलीकडे पोचला तेव्हा सायकल गुलालाने लालभडक. गिऱ्हाइकाने दारातच विचारलं, "ही लाल कुठे मागितली होती मी?"

आणि एक सरळ गिऱ्हाईक सांगतो, नाही तर वाटेल की सगळे असेच. बंगळुरूला स्थायिक झालेल्या, पेठेतच वाढलेल्या निवृत्त बाई. निरोप आला: सीट ६८.५, पायंडल साधं, बूट नेहमीचे, एक सकाळ खडकवासला, एक सकाळ बोपदेवने सासवड आणि बोपदेवनेच परत, दिवे घाट नको, ट्रक असतात. ब्रेक उजवा पुढे. कंपनी, रंग, वजन, काही नाही. मी तीच राखाडी दिली, मागे ३४ दात्यांची. त्यांनी हँडल धरून दोन्ही ब्रेक दाबून बघितले, मागचं चाक उचलून फिरवलं, सगळे गिअर एकदा खालीवर केले, सही केली आणि गेल्या. चार दिवसांनी सायकल पुसून परत आली, सोबत पुरंदरच्या अंजिरांची पुडी. अशा गिऱ्हाइकाचा किस्सा होत नाही, ही या धंद्यातली अडचण आहे.

तेव्हा या डिसेंबरात येणार असाल तर तिकीट काढलंत की लगेच मला कळवा. आधी जायचं कुठे ते ठरवा, खडकवासला की सिंहगड की सासवड. त्यावर गिअर ठरतील. मग घरची सायकल भिंतीला टेकवून सीटची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला तो लिहा. क्लीटचे बूट आणणार असाल तर पायंडलही स्वतःचंच आणा, बॅगेत मुठीएवढी जागा लागते. सायकल कुठली द्यायची ते माझ्यावर सोडा. आणि विमानाआधी घाईत घरी पायंडल काढाल तेव्हा लक्षात ठेवा, डाव्या पायंडलाचा आटा उलटा असतो. घड्याळाच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं.